लोक रडले, आणि चहा घेईनासे झाले

एखादी जाहिरात गाजली की ती आपण केली असं सांगायला दहा माणसं पुढे येतात. ती अंगलट आली की ऑफिसात सगळे एकदम हळू बोलायला लागतात, आणि मग आमच्यासारख्यांना फोन येतो.

माझी नोकरी बाजार-पाहणीची. कंपनी जाहिरात करते, माल खपायची वाट बघते, आणि कधीकधी उलटंच होतं. जाहिरात दिसायला लागल्यापासून माल जास्तच पडून राहतो. असं का झालं, हे विचारत घरोघर फिरायचं, हे माझं काम. खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र, आणि दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ‘काही नकोय आम्हाला’ हे आधीच उमटलेलं. ‘मी काही विकायला आलेली नाही’ हे वाक्य मी जितक्यांदा उच्चारलं असेल तितक्यांदा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. गिरगाव, परळ, लालबाग, दादर, माटुंगा या भागांतल्या चाळींचे जिने मला नातेवाइकांच्या घरांपेक्षा जास्त पाठ झाले. जिथे कधी जेवायला बोलावलं जाणार नाही अशा शेकडो घरांच्या ओट्यावरचे डबे मी उघडून पाहिलेत.

या कामात पहिलं उत्तर लिहून घ्यायचं आणि विसरून जायचं, हे लवकर कळतं. माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत. अनोळखी बाईसमोर जे शोभेल ते बोलतात. ‘महाग झालं’, ‘चव बदलली’, ‘आमच्या दुकानात ठेवत नाहीत’, ही उत्तरं कुठल्याही मालाबद्दल मिळतात. खरं कारण बाहेर पडतं ते पेन पिशवीत टाकल्यावर, पाण्याचा ग्लास रिकामा झाल्यावर, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं त्या विचारतात तेव्हा.

एक गमतीचं उदाहरण देते. एका कंपनीने तयार गोडा मसाला काढला होता. मसाला चांगला होता. जाहिरातीत एक सून गुपचूप पाकीट फोडते, आमटी करते, सासूबाई वाटी पुसून खातात, आणि सून आपल्याकडे बघून डोळा मिचकावते. खाली ओळ, ‘सासूबाईंना कळणारही नाही.’ ती बघून ऑफिसात सगळे पोट धरून हसले होते. जाहिरात सुरू झाली आणि मसाल्याचा खप घसरला. मी माटुंग्याला एका शिक्षिकेच्या घरी गेले. सासूबाई बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होत्या, म्हणून ती ओट्यापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, मी तोच मसाला आणत होते. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. चाललं होतं छान. आता त्या जाहिरातीपासून रोज आमटीचा वास घेतात आणि माझ्याकडे बघतात.” सासवाही टीव्ही बघतात, सुनांपेक्षा जास्तच बघतात, हे जाहिरात करणाऱ्यांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

हा किस्सा मी कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगितला आणि दर वेळी हशा मिळवला. त्या चहाच्या जाहिरातीबद्दल मात्र मी कुणाशी बोलले नाही.

चहाचं नाव देत नाही. मुंबईतल्या मराठी घरांतून तो फार वर्षं होता. पेढी गिरगावात, आणि पाकिटं भरायचं काम लालबागच्या एका गाळ्यात. तिथे आसपासच्या चाळींतल्या बायका कामाला. मालकांना सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणते. साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारे. धंद्यात अशी माणसं कमी भेटतात.

मोठ्या कंपन्यांचे चहा सवलती देत होते, बक्षिसं वाटत होते. भाऊंना ते झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी असेल नसेल ती ताकद एका जाहिरातीवर लावली. ती लिहिली सुजय नावाच्या मुलाने. सुजय एका जाहिरात एजन्सीत लेखक होता, माटुंग्यात वाढलेला, हुशार, आणि आपल्या कामावर मनापासून प्रेम करणारा.

जाहिरात अशी होती. चाळीतली खोली, सकाळची वेळ. एक म्हातारे गृहस्थ चहा करतात. दोन कप मांडतात, दोन्हींत चहा ओततात. समोरची खुर्ची रिकामी. आपला कप ते सावकाश संपवतात. दुसऱ्या कपातून वाफ निघत राहते, मग निघायची थांबते. शेवटी ते दुसराही कप उचलतात आणि पितात. ओळ येते, ‘कुणी नसलं, तरी हा आहे.’

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवत होते. घास हातातच राहिला. लोकांनी ती फोनवरून एकमेकांना पाठवली. कुणी खाली लिहिलं, आत्ता बाबांना फोन केला. कुणी लिहिलं, आईची आठवण आली. एजन्सीला बक्षीस मिळालं, आणि काही महिन्यांत चहाचा खप इतका उतरला की लालबागच्या गाळ्यात बायकांना आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवायची वेळ आली.

भाऊंनी मला पेढीवर बोलावलं. सुजयही होता.

“ताई, लोक रस्त्यात थांबवून सांगतात, भाऊ, रडवलंत आम्हाला,” भाऊ म्हणाले. “वाणी म्हणतो, मी पण रडलो. आणि माल त्याच्याकडे पडून आहे. हे कसं काय?”

“मॅडम, जाहिरात लोकांना लागलीय, त्यात वाद नाही,” सुजय म्हणाला. “कमेंट्स वाचा तुम्ही. माझ्या मते प्रॉब्लेम दुकानदारांकडे आहे. ते पुढे दुसरा ब्रँड ठेवतात.”

मलाही तसंच वाटलं होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

पहिले काही दिवस नेहमीची उत्तरं मिळाली. चव बदलली म्हणणारे बरेच निघाले. मी लालबागला जाऊन विचारलं, चहात काडीचाही बदल नव्हता. जाहिरातीचं नाव काढलं की प्रत्येक घरात बायकांचे डोळे भरून येत. डबा उघडला की आत दुसराच चहा.

लालबागच्या एका चाळीत एक मालवणी आजी भेटल्या. त्यांच्या घरी हाच चहा वर्षानुवर्षं येत होता आणि आता बंद झाला होता. मी वही मिटल्यावर त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “चाय बरो आसा गो. पन त्या म्हाताऱ्याक बघितलंय काय माका माझो झील आठवता. तो थय विरारला, मी हय. रोज सकाळी उठून तां कित्याक आठवू?” झील म्हणजे मुलगा, विरारला वेगळा राहणारा.

त्याच आठवड्यात वरळीच्या बीडीडी चाळीत एका बँकेत काम करणाऱ्या मुलीकडे गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कॉटवर तिचे वडील पेपर वाचत बसलेले, आई वारलेली. तिने मला दाराबाहेरच्या गॅलरीत नेलं. “मॅडम, पप्पा ती जाहिरात बघतात. मी तोच डबा ओट्यावर ठेवला, तर त्यांना वाटेल, हिने हा माझ्यासाठी आणलाय. मी घरात असून.” तेवढ्यात आतून आवाज आला, “अगं, त्यांना मलाच विचारू दे की. मी कुठला चहा पितो ते मला माहीत.” ती आत जाऊन म्हणाली, “पप्पा, त्या दुसरंच विचारतायत.” वडिलांनी पेपर वर केला. मला वाटतं, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

चिंचपोकळी स्टेशनजवळच्या वाण्याने तर सरळ सांगितलं, “ताई, गिऱ्हाईक नाव घेत नाय आता. ‘तो म्हाताऱ्यावाला नको,’ असं बोलतात.”

इतकं सगळं कानावर पडूनही मला नीट उलगडा झाला नव्हता. काहीतरी सुटं सुटं जमत होतं एवढंच. उलगडा झाला तो माझ्या घरी.

मी दादरला दोन खोल्यांत राहते. आईबरोबर राहत होते, आई गेल्यावर एकटी. लग्न जमलं नाही, आणि मग जमवायचं राहून गेलं. धाकटी बहीण नागपूरला असते, सणाला फोन करते. हे सगळं मी कधी दुःख म्हणून धरलं नव्हतं. दिवसभर चारचौघांच्या घरांत बसून घसा बसायचा, त्यामुळे घरी कुणाशी बोलायचं नसलं तर उलट बरं वाटायचं, अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी दुपारी मी फिरून घरी आले आणि चहाला आधण ठेवलं. डबा रिकामा झाला होता म्हणून नवं पाकीट काढलं, कात्रीने कोपरा कापला, आणि हातातल्या पाकिटाकडे बघत राहिले. ते भाऊंच्या चहाचं नव्हतं. आमच्या घरी आईच्या वेळेपासून भाऊंचाच चहा. मग हा कुणी आणला? घरात दुसरं कोण आहे आणायला?

मग आठवलं. मी वाण्याच्या दुकानात उभी होते. फळीवर नेहमीचं पाकीट होतं. बाजूला शेजारच्या इमारतीतल्या वहिनी बिस्किटांचे पुडे घेत होत्या, नातवंडं येणार म्हणून. वाण्याने हात नेहमीच्या पाकिटाकडे नेला होता. मी म्हटलं, “ते नको, पलीकडचं द्या.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मला मात्र ते पाकीट त्यांच्यासमोर हातात धरायचं नव्हतं. आधण उकळून आटत आलं तरी मी तशीच उभी होते.

सोमवारी पेढीवर गेले. भाऊ आणि सुजय दोघेही वाट बघत होते. मी तयार करून नेलेलं वाचायला सुरुवात केली. जाहिरात आवडली आहे, लक्षात राहिली आहे, इतकी की आता लोकांच्या मनात हा एकट्या माणसाचा चहा झाला आहे. जे एकटे आहेत त्यांना ते दुकानात उभं राहून कबूल करायचं नाही. जे एकटे नाहीत त्यांना ते घरात आणायचं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात तर तो ठेवणंही मुलांना अवघड झालंय.

सुजय मध्येच म्हणाला, “पण हे तुम्ही काढलेलं अनुमान झालं, मॅडम. असं एकतरी माणूस स्वतःहून बोललं का?”

भाऊ चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, “ताई, ते माझे वडील आहेत.”

मला कळलं नाही.

“जाहिरातीतले नव्हेत. ते नट आहेत. पण आई गेल्यावर माझे वडील रोज दोन कप मांडायचे. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, ते खाली. मी कधीकधी खिडकीतून बघायचो. दुसरा कप ते शेवटी पिऊन टाकायचे, वाया जाऊ नये म्हणून. मी कधी खाली जाऊन त्या खुर्चीवर बसलो नाही. दुकान उघडायची घाई असायची. ते सुजयला मी सांगितलं, त्याने तसंच्या तसं उतरवलं. आणि तुम्ही म्हणता, लोकांना ते घरात नको.”

सुजयने मान खाली घातली होती. मी त्याच्या प्रश्नाला हो म्हणून वेळ मारून नेऊ शकले असते, चाळींची नावं सांगून. त्याऐवजी बोलून गेले, “एक माणूस स्वतःहून बोललंय. मी एकटी राहते, भाऊ. लहानपणापासून तुमचा चहा पीत आले. मागच्या महिन्यात तो घेणं बंद केलं. मला ते या शनिवारी कळलं.”

तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या घरातल्या गोष्टी विचारल्या, आपल्या घरातली एकही सांगितली नव्हती. बोलून झाल्यावर कान गरम झाले.

“जाहिरात तुम्हाला आवडली नाही?” भाऊंनी विचारलं.

“आवडली. बघताना दर वेळी रडले.”

“मग?”

“रोज सकाळी रडून कसं चालेल? सकाळी कामाला जायचं असतं.”

भाऊंनी गड्याला चहा सांगितला, आणि तो आल्यावर आम्ही तिघांनीही तो घेतला. चव तीच होती, आईच्या वेळची.

त्यांनी जाहिरात लगेच थांबवली नाही. वडिलांचं श्राद्ध होईपर्यंत चालू ठेवली, मग बंद केली. आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. जाहिरात थांबवता येते, पण ती लोकांच्या डोक्यातून काढून घेता येत नाही. सुजयने दुसरी जाहिरात केली. घर माणसांनी भरलेलं, आजोबांच्या मांडीवर नात, सगळे हसतायत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला माणसं मिळाली वाटतं. आणि चहा दुसराच नेला.

पुढे एका मोठ्या कंपनीने तो चहा विकत घेतला, थोडे दिवस नाव चालवलं आणि मग तेही काढून टाकलं. लालबागचा गाळा बंद झाला. तिथल्या एक बाई मला नंतर परळच्या बाजारात भेटल्या. फरसाणाच्या कारखान्यात लागल्या होत्या. मी ओशाळून विचारपूस केली, तर म्हणाल्या, “तुमचा काय दोष, मॅडम? आमीच बघून रडलो ना ती. कामावरून उरलेला चाय फुकट मिळायचा, तो पण सासूबाई वापरू देत नव्हत्या. म्हणायच्या, मला काय टाकून देताय?” आणि हसल्या. सुजयने नोकरी बदलली. एकदा फोन करून म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. ती जाहिरात मी सगळ्या जगाला पाठवली होती. आईबाबांना पाठवली नव्हती.” त्याचे आईबाबा तेव्हा माटुंग्यात दोघंच राहत होते.

चहा विकायचा व्यवहार पुरा झाल्यावर एक दिवस भाऊ दादरला माझ्या घरी आले. पत्ता कुठून मिळवला विचारलं नाही. आमच्याकडे दाराची बेल वाजली की मी दचकते, आयुष्यभर दुसऱ्यांची बेल वाजवल्यामुळे असेल. दार उघडलं तर भाऊ, हातात केळ्यांची फणी. मी बसा म्हटलं आणि पहिल्यांदाच मनात आलं की आपल्या घरात पाहुण्याने कुठे बसायचं हे ठरलेलंच नाही. आईच्या खुर्चीवरची इस्त्रीची थप्पी उचलली आणि त्यांना तिथे बसवलं.

चहा टाकताना हात थबकला, कारण डब्यात तोच परका चहा होता. काय करणार, तोच केला. भाऊंनी पहिला घोट घेतला आणि कपात बघितलं. त्यांना वासावरूनच कळलं असणार.

“चांगला आहे,” ते म्हणाले. पूर्ण कप संपवला.

धंद्याबद्दल एक शब्द निघाला नाही. त्यांनी आईच्या फोटोकडे बघून ती कशाने गेली ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, पत्नी गेल्या वर्षी गेली, मुलगी पुण्याला बोलावते आहे, पण गिरगाव सोडवत नाही. तासभर बसले असतील. निघताना दारात चपला घालत म्हणाले, “पुन्हा येईन एखादे वेळी.”

आणि मी, मुंबईत सगळे म्हणतात तसं, म्हणाले, “या ना. फक्त कळवून या.”

ते आले नाहीत. पहिले काही रविवार मी खुर्ची मोकळी ठेवली, मग इस्त्रीचे कपडे पुन्हा तिथे गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. एकदा ज्या घरी जाऊन आलो तिथे पुन्हा जायचं नाही, असा आमच्या पाहणीचा नियम असे. तो अंगात इतका मुरला होता की कामाबाहेरही मला पुन्हा जाणं जमत नसे. मग मी निवृत्त झाले. आता सकाळी कुठे जायचं नसतं, आणि आधी ज्या शांततेची मला सवय आहे असं वाटत होतं, ती मला फक्त संध्याकाळपुरती पेलत होती हे लक्षात आलं.

यंदा या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा हीच गोष्ट लिहावी असं वाटलं. पण त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांना न विचारता कशी लिहिणार? म्हणून फोन केला. आवाज ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. ते आता पुण्याला मुलीकडे असतात.

“लिहा,” ते म्हणाले. “नाव मात्र नको. आणि एवढं लिहा, की ते दोन कप खरे होते. विकण्यासाठी रचलेले नव्हते.”

“लिहीन,” मी म्हटलं. मग, का ते माहीत नाही, विचारलं, “तुम्ही परत आला नाहीत.”

“तुम्ही कळवून या म्हणालात ना,” भाऊ म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. “दोनतीनदा फोन हातात घेतला होता. पण कळवायचं म्हणजे काहीतरी कारण सांगावं लागतं. माझ्याकडे कारण नव्हतं.”

पलीकडून कुठल्यातरी मुलाचा अभ्यास करताना मोठ्याने वाचण्याचा आवाज येत होता. भाऊंनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

“पुण्यात कुठे असता?” मी शेवटी विचारलं.

कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. पत्ता सांगितला. मग पुन्हा एकदा सावकाश, खुणांसकट सांगितला. कुठे उतरायचं, कुठल्या हाताला वळायचं, फाटकावरच्या माणसाला काय सांगायचं, आणि लिफ्ट बंद असली तर जिना कुठल्या बाजूला आहे.